पोर्तो पायी फिरायचं असेल तर: वीकेंडवाल्यांसाठी

पोर्तुगालमधलं पोर्तो नकाशात एवढंसं दिसतं. साओ बेन्तो स्टेशनवरून नदीकाठच्या रिबेइराला जायचं म्हटलं तर मोबाईल सांगतो दहा मिनिटं, आणि जाताना खरंच दहाच मिनिटं लागतात कारण अख्खा रस्ता उतार आहे. परत येताना मात्र तेच दहा मिनिटांचं अंतर अर्धा तास खातं, मध्ये दोनदा भिंतीला टेकून पाणी प्यावं लागतं आणि सोबत आईवडील असले तर "अजून किती रे?" सुरू होतं. म्हणून युरोपात राहणाऱ्या किंवा इकडे फिरायला आलेल्या आपल्या लोकांनी वीकेंडसाठी पोर्तो विचारलं की मी आधी एकच सांगते: उतरायचं पायांनी, चढायचं यंत्रानं. खालचा सगळा प्लॅन त्यावरच बसवलाय. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या कुठेही मिळतात, पण त्यातली स्थळं कुठली वर आणि कुठली खाली हे कुणी लिहीत नाही, आणि पाय नेमके तिथेच जातात.

शुक्रवारी रात्री पोचणं

एअरपोर्टवरून मेट्रोची जांभळी ई लाइन थेट शहरात येते, त्रिंदाद स्टेशनपर्यंत साधारण अर्धा तास. मशीनवर आंदांते नावाचं कागदी कार्ड घ्यायचं. प्रत्येकाचं वेगळं कार्ड लागतं, एकावर चौघं असं चालत नाही. एअरपोर्टहून झेड-४ झोनचं तिकीट लागतं, ते त्या कार्डावर भरायचं. गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनला कार्ड टेकवायचं, आणि त्रिंदादला गाडी बदलायची असेल तर तिथे परत टेकवायचं. गेट वगैरे काही नसतं त्यामुळे लोकांना वाटतं कोण बघतंय, पण चेकर येतात आणि तिकीट काढलेलं असलं तरी टेकवलेलं नसलं की दंड होतो. लंडनहून येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा लागतो हे विसरू नये, दरवेळी कुणीतरी विचारतंच.

राहायचं कुठे? त्रिंदाद, आलिआदोस, बोल्याओ, बताल्या या वरच्या भागात. रिबेइरातल्या खोल्यांचे फोटो भारी असतात, खिडकीतून नदी आणि पूल, सगळं खरं आहे, पण बॅग घेऊन तिथे पोचणं आणि रात्री जेवून परत येणं दोन्ही पायऱ्यांनीच, शिवाय खालच्या चौकात मध्यरात्रीपर्यंत गोंगाट. वरच्या भागातही बुकिंग करताना लिफ्ट आहे का ते विचारा. इथली जुनी घरं अरुंद आणि चार-पाच मजली असतात आणि जिने असे की मोठी सुटकेस आडवीच करावी लागते.

बुटांचं आत्ताच सांगून टाकते. फुटपाथचे दगड वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेत आणि पोर्तोत पाऊस भरपूर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर धरूनच चाला. ओल्या दगडावर सपाट तळाचे फॅशनचे शूज म्हणजे गणपतीपुळ्याच्या खडकावर स्लिपर घालून चालणं. ग्रिपवाले, आधी वापरून मऊ झालेले बूट घाला. छत्रीपेक्षा टोपीवालं जॅकेट बरं पडतं, अटलांटिकचा वारा छत्री उलटी करतो.

शनिवार सकाळ: वरून सुरुवात

सुरुवात बोल्याओ मार्केटपासून करा आणि ती शनिवारीच करा, कारण रविवारी मार्केट बंद असतं. १९१४ ची इमारत आहे, मोठ्या डागडुजीनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये परत उघडली. आता जरा जास्तच चकाचक झालीय हे खरं, पण मासळी, ऑलिव्ह, चीज, फळं विकणाऱ्या बायका अजून आहेत आणि सकाळी लवकर गेलात तर टूरिस्टांपेक्षा पिशव्या घेऊन आलेली गावातली माणसंच जास्त दिसतात. इथूनच फळं आणि ब्रेड घेऊन ठेवा, दिवसभर उपयोगी पडतं.

मार्केटच्या बाजूलाच सांता कातारिना रस्त्यावर कापेला दास आल्मास नावाचं छोटं चर्च आहे, बाहेरून नखशिखांत निळ्यापांढऱ्या टाइल्स. या टाइल्सना अझुलेजू म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं तीनचारशे वर्षं जुनं काम असणार, पण चर्चवर त्या १९२९ मध्ये लावल्यात. पोर्तोत हे पुष्कळदा होतं, शहर जुनं आणि त्याचं निळं कातडं विसाव्या शतकातलं. तसाच सांता कातारिना रस्ता धरून खाली बताल्या चौकाकडे गेलात की सांतो इल्देफोन्सो चर्च लागतं, त्याच्या टाइल्स १९३२ च्या, जॉर्ज कोलासो या चित्रकाराच्या. आता हे नाव लक्षात ठेवा, आणि चर्चसमोरून सुटणाऱ्या ३१ जानेवारी नावाच्या उतारावरून खाली या, दहा मिनिटांत साओ बेन्तो स्टेशन.

स्टेशनच्या हॉलमध्ये निदान अर्धा तास काढा असं माझं म्हणणं आहे, आणि फुकट आहे. जुन्या बेनेडिक्टिन मठाच्या जागेवर बांधलेलं हे स्टेशन १९१६ मध्ये सुरू झालं आणि आतल्या भिंतींवर त्याच कोलासोच्या सुमारे २०,००० टाइल्स आहेत. लोक मधोमध उभं राहून एक सेल्फी काढतात आणि निघतात, पण चित्रं नीट बघितली तर अर्धा इतिहास तिथेच कळतो. एका चित्रात एगाश मोनिश नावाचा सरदार बायकापोरांसकट गळ्यात दोर अडकवून लिऑनच्या राजासमोर उभा आहे. गोष्ट अशी की त्यानं आपल्या धन्यातर्फे, म्हणजे पुढे पोर्तुगालचा पहिला राजा झालेल्या अफोन्सो एन्रिकतर्फे शब्द दिला होता, धन्यानं तो पाळला नाही, तेव्हा हा स्वतःच शिक्षा घ्यायला गेला. राजानं माफ केलं म्हणतात. दुसऱ्या मोठ्या चित्रात १४१५ ची सेउताची स्वारी आहे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची. त्यातला राजपुत्र एन्रिक, इंग्रजीत ज्याला हेन्री द नॅव्हिगेटर म्हणतात, तो १३९४ मध्ये याच पोर्तोत जन्मला. समुद्रावरच्या ज्या उद्योगाचं पुढचं टोक आपल्याकडे चौल, वसई, गोव्यात निघालं त्याची सुरुवात इथे भिंतीवर आहे, आणि वसईचा किल्ला बघितलेल्या माणसाला त्या चित्रासमोर जरा वेगळंच वाटतं. वरच्या रंगीत पट्टीकडेही मान वर करून बघा, त्यात बैलगाडीपासून रेल्वेपर्यंत वाहनांचा प्रवास रंगवलाय.

स्टेशनबाहेर पडल्यावर समोर लिबर्दाद चौक, मधोमध घोड्यावर पोर्तुगालचा राजा चौथा पेद्रो. हाच ब्राझीलचा पहिला सम्राट. भावाशी गादीवरून झालेल्या लढाईत, १८३२-३३ च्या वेढ्यात, पोर्तो त्याच्या बाजूनं उभं राहिलं म्हणून त्यानं मरताना आपलं हृदय या शहराला दिलं आणि ते अजून लापा चर्चमध्ये बरणीत जपून ठेवलंय, २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा ते काही दिवस पाहुणं म्हणून तिकडे पाठवलं होतं. लापा चर्च त्रिंदादच्या वरच्या अंगाला आहे. बरणी बघायला मिळत नाही, कुलूपबंद असते, म्हणून मुद्दाम चढून जा असं काही मी म्हणणार नाही.

क्लेरिगोशचा चढ, आणि दुपार

इथून क्लेरिगोश मनोऱ्याकडे जायचा रस्ता चढाचा आहे आणि हा एक चढ टाळता येत नाही, पण छोटा आहे. मनोरा साधारण ७५ मीटर उंच, २०० च्या वर पायऱ्या, वरचा जिना इतका निमुळता की उतरणारे आणि चढणारे एकमेकांना पोट आत घेऊन जागा देतात. निकोलाउ नासोनी नावाच्या इटालियन माणसानं तो बांधला, १७६३ मध्ये पूर्ण झाला. नासोनी मुळात कॅथेड्रलमध्ये चित्रं काढायला आला होता, इथेच राहिला, शहरभर इमारती केल्या आणि याच चर्चमध्ये त्याला पुरलं. गुडघे दुखत असतील तर मनोरा सोडून द्या, असाच नजारा उद्या पुलावरून बसल्या जागी मिळणार आहे.

लेलो नावाचं १९०६ चं पुस्तकांचं दुकान शेजारच्याच रस्त्यावर आहे. आतला लाल जिना सुंदर आहे यात वाद नाही. तिकीट लागतं, ते पुस्तक घेतलं तर किमतीतून वजा होतं, ऑनलाइन वेळ ठरवून जायचं. पण आत इतकी गर्दी असते की पुस्तक हातात घेऊन चाळणं जमत नाही, आणि जिथे पुस्तक चाळता येत नाही त्या दुकानात मला तरी करमत नाही. पहिला स्लॉट मिळाला तर जा, नाहीतर बाहेरून बघा.

त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या कार्मो चर्चची बाजूची भिंत बघा, १९१२ च्या टाइल्सची, शहरातली सगळ्यात मोठी निळी भिंत वाटावी अशी. तिथे दोन चर्च खेटून आहेत आणि त्यांच्यामध्ये एक मीटरभर रुंदीचं घर आहे, दार आणि खिडक्यांसकट. बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. मग कोर्दोआरियाच्या बागेत बसून डबा काढा. बागेत पोट धरून हसणाऱ्या माणसांचे ब्राँझचे पुतळे आहेत, हुआन मुन्योस या स्पॅनिश शिल्पकाराचे, मुलं त्यांच्या मांडीवर चढतात. समोरची दणकट दगडी इमारत म्हणजे जुना तुरुंग, आता फोटोग्राफीचं म्युझियम. कादंबरीकार कामिलो काश्तेलो ब्रांको १८६० च्या सुमाराला एका विवाहित बाईशी प्रेमसंबंधांवरून इथे कैदेत होता. फोटोंमध्ये रस नसला तरी भिंतींची जाडी आणि दारं बघायला आत जाऊन या.

आता मात्र सगळा उतार. जुन्या तुरुंगाच्या मागून व्हितोरियाच्या गल्लीत शिरा, ही मध्ययुगातली ज्यू वस्ती. गल्लीच्या टोकाला मिरादोरो दा व्हितोरिया आहे, म्हणजे व्ह्यू पॉइंट, ओबडधोबड मोकळी जागा, तिकीट नाही, आणि समोर कौलांचे लाल थर, कॅथेड्रल, नदी, पूल. तिथून पायऱ्यांनी खाली बेलोमोन्त रस्त्यावर, मग साओ दोमिंगोशच्या चौकात, मग अजून खाली बोल्सा म्हणजे जुन्या व्यापारी मंडळाच्या वाड्यापर्यंत. बोल्सा आतून फक्त गाइडेड टूरनं बघता येतो, त्यातला अरबी पद्धतीचा सोनेरी हॉल प्रसिद्ध आहे. दोन्ही जमत नसेल तर मी बोल्सा सोडून शेजारचं साओ फ्रान्सिश्को चर्च घेईन. बाहेरून रुक्ष दगड, आत पाऊल टाकलं की छतापासून खांबापर्यंत लाकडावरचं सोन्याचं कोरीवकाम, एकही इंच मोकळा सोडलेला नाही. खाली तळघरात थडगी आहेत आणि जमिनीतल्या एका जाळीतून हाडांचा ढीग दिसतो. लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

तिथून रिबेइरा दोन मिनिटांवर. संध्याकाळी इथे बसा, नदी बघा, पण जेवू नका. काठावरच्या हॉटेलांत पैसे नजाऱ्याचे घेतात. परत वर जायला पुलाच्या पायथ्याजवळून ग्विंदाइशचं फ्युनिक्युलर आहे, रुळांवरून डोंगर चढणारा डबा, थेट बताल्याला सोडतो, शेजारी चौदाव्या शतकातली तटबंदी दिसत राहते. हिवाळ्यात ते लवकर बंद होतं, वेळ बघून ठेवा. चुकलंच तर मोझिन्यो दा सिल्व्हेरा हा रुंद रस्ता धरा, सगळ्यात सौम्य चढ तोच. मोबाईलनं दाखवलेल्या जवळच्या पायऱ्यांच्या नादी लागू नका.

जेवणाचं

टेबलावर न मागता ब्रेड, ऑलिव्ह, लोणी येतं. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी वाईट वाटून घेत नाही. दुपारी गल्लीतल्या साध्या खानावळीत "प्रातो दो दिया" मागा, आजचं ताट, स्वस्त आणि पोटभर. रात्रीचं जेवण आठच्या पुढे. एस्प्रेसोला पोर्तोत जुने लोक सिंबालिनो म्हणतात आणि ड्राफ्ट बियरच्या ग्लासला फिनो.

फ्रान्सेसिन्या ही इथली शान: ब्रेडमध्ये स्टेक, हॅम, सॉसेज, वरून वितळलेलं चीज आणि बियर-टोमॅटोचा तिखटसर रस्सा, बरोबर बटाट्याचे फ्राइज. १९५० च्या दशकातला शोध आहे, आणि खाल्ल्यावर चालायचा प्लॅन रद्द होतो, म्हणून रात्रीच खा. बीफ-पोर्क न खाणाऱ्यांनी आणि शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, व्हेज फ्रान्सेसिन्या बऱ्याच ठिकाणी मिळते, फक्त रस्सा मांसाचा आहे का ते विचारा. काल्दो व्हेर्द हे हिरवं सूप पालेभाजीचं दिसतं पण त्यात सॉसेजची चकती असते. "सेम कार्न, सेम पैश" म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करा. "टोस्टा मिश्ता"मध्ये हॅम असतं. पाश्तेल द नाता म्हणजे कस्टर्डचे टार्ट, त्यात अंडं असतं. थंडीत रस्त्यावर भाजलेले चेस्टनट मिळतात, तेवढे डोळे मिटून घ्या. आणि तिखटाची सवय असलेल्यांनी लसणीच्या चटणीची पुडी खिशात ठेवली तर कुणाला कळत नाही.

रविवार: पूल, पलीकडचा काठ, समुद्र

सकाळी साओ बेन्तोपासून कॅथेड्रलपर्यंत छोटा चढ आहे, पाय ताजे असतानाच तो उरका. बाराव्या शतकात सुरू झालेलं हे चर्च बाहेरून किल्ल्यासारखं, १३८७ मध्ये पहिला जुआंव राजा आणि इंग्लंडची फिलिपा यांचं लग्न इथेच लागलं, सेउताच्या चित्रातला एन्रिक त्यांचाच मुलगा. रविवारी प्रार्थना चालू असते तेव्हा फिरत फोटो काढू नका, बाहेरच्या पटांगणावरूनही पुष्कळ दिसतं.

इथून जे करायचं ते नीट वाचा, कारण ९० टक्के लोक हे उलटं करतात. ते आधी खाली नदीवर उतरतात, खालच्या मजल्यावरून पूल ओलांडतात आणि मग पलीकडचा डोंगर चढत बसतात. दोम लुईश पुलाला दोन मजले आहेत, आणि वरचा मजला कॅथेड्रलच्या जवळजवळ लेव्हलला आहे. तेव्हा वरच्या मजल्यावरून जा. मेट्रो त्याच मजल्यावरून जाते, हळू जाते आणि घंटी वाजवते, तुम्ही फक्त रुळांवर उभं राहून फोटो काढू नका. पूल १८८६ चा, आयफेल टॉवरवाल्या आयफेलचा जुना भागीदार तेओफिल सेरिग याचा. पलीकडे गेलं की ते पोर्तो नाही, व्हिला नोव्हा दे गाया हे वेगळं शहर.

पुलापलीकडे लगेच मोरो बाग आणि तिच्या वर सेरा दो पिलार हा गोल चर्चचा मठ. पोर्तोचा सगळ्यात चांगला नजारा इथून आहे. आपल्यासाठी अजून एक कारण. मार्च १८०९ मध्ये नेपोलियनचा सेनापती सूल्त यानं पोर्तो घेतलं. मे महिन्यात इंग्रज सैन्य घेऊन जो माणूस याच मठापाशी येऊन पलीकडे दुर्बीण लावून बसला तो आर्थर वेलस्ली, म्हणजे १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला तोच. असईला त्यानं दोन गावं आमनेसामने बघून मध्ये नदी पायी ओलांडायला उतार असणारच असं ताडलं आणि केळणा ओलांडली. इथे सूल्तनं होड्या सगळ्या पलीकडच्या काठाला ओढून ठेवल्या होत्या, तर एका न्हाव्याच्या मदतीनं वाइनच्या चार बिनपहाऱ्याच्या होड्या मिळाल्या आणि १२ मेला भरदिवसा त्यातून माणसं पलीकडे उतरवली. मठाच्या कठड्याशी उभं राहिलं की नदीचं वळण आणि तो काठ समोर दिसतो, सगळी चाल कळते.

मग खाली गायाच्या काठावर उतरा. रोपवे आहे, काही मिनिटांच्या मानानं महाग, पण गुडघ्यांची तक्रार असेल तर तोही उतरायलाच घ्या. काठावर पोर्ट वाइनच्या कंपन्यांची गोदामं ओळीनं आहेत. द्राक्षं इथली नाहीत, वर याच दोउरो नदीच्या खोऱ्यातली, १७५६ मध्ये तिथल्या वाइनच्या प्रदेशाची सरकारनं हद्द आखली. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांची कडक दारू घालून आंबणं थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि वाइन गोड आणि तरी जोरदार, २० टक्क्यांच्या आसपास. पूर्वी पिंपं होडीतून खाली यायची, त्या राबेलो होड्या आता काठाला जाहिरातीसाठी उभ्या असतात. कुठल्याही एका गोदामाची टूर आदल्या दिवशी बुक करा, एकच पुरे, दुसरीकडे तेच सांगतात. रिकाम्या पोटी चव घेत बसू नका, पुढे चालायचंय.

परत येताना पुलाचा खालचा मजला. उन्हाळ्यात इथून पोरं नदीत उड्या मारतात आणि त्याआधी पैसे गोळा करतात. रिबेइराच्या बाजूला भिंतीत ब्राँझचं एक छोटं शिल्प आहे, समोर मेणबत्त्या. २९ मार्च १८०९ ला सूल्तची फौज शिरली तेव्हा पळणाऱ्या लोकांच्या भारानं इथला होड्यांचा पूल मोडला आणि कितीतरी माणसं बुडाली. गावातले लोक अजून मेणबत्ती लावतात.

दुपारी समुद्र. साओ फ्रान्सिश्को चर्चसमोरून १ नंबरची जुनी ट्राम नदीकाठानं फॉश भागाकडे जाते. तिकीट वेगळं, गर्दी प्रचंड, खिसे सांभाळा, आणि कधीकधी कामांमुळे बंद असते. रांग बघून वैतागलात तर ५०० नंबरची बस घ्या, तीही तोच काठ धरून जाते. ज्यांचे पाय अजून शाबूत आहेत त्यांनी चालत जावं, पाचेक किलोमीटर आहे पण एकदम सपाट, वाटेत आर्राबिदा पुलाखालून जायला मिळतं. फॉशला दीपगृहाच्या धक्क्यावर हिवाळ्यात लाटा वरून जातात, तेव्हा पुढे जाऊ नका, दरवर्षी लोक तसा शहाणपणा करतात. तिथून समुद्राकाठच्या रस्त्यानं उत्तरेला चालत राहा, टोकाला एक छोटा किल्ला येतो, सगळे त्याला चीजचा किल्ला म्हणतात, खरं नाव मात्र साओ फ्रान्सिश्को शाव्हिएर, म्हणजे जुन्या गोव्यात ज्यांचं शव ठेवलंय तेच संत.

२३ जूनची रात्र वीकेंडला धरून येत असेल तर हा सगळा प्लॅन बाजूला ठेवा. साओ जुआंवचा सण असतो, अख्खं गाव प्लॅस्टिकच्या हातोड्या घेऊन एकमेकांच्या डोक्यात हाणत फिरतं, सार्डिन भाजतात, मध्यरात्री नदीवर फटाके. हॉटेल खूप आधी बुक करा आणि झोपेची अपेक्षा ठेवू नका.

किल्ल्याजवळून ५०० नंबरची बस परत गावात आणते, दुमजली असते, वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. बॅगा हॉटेलात ठेवल्या असतील तर एअरपोर्टसाठी त्रिंदादवरून परत ई लाइन, परत झेड-४, परत कार्ड टेकवायचं. मेट्रो सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होते आणि रात्री एकच्या आसपास थांबते, म्हणजे सोमवारी पहाटेची फ्लाइट असेल तर टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.